लंडनला एकच सेमिस्टर: परवडतं का, आणि जमवायचं कसं?

पाणपोई

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मी अर्थशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या विद्यापीठाचा लंडनच्या एका विद्यापीठाशी करार आहे आणि पुढच्या वर्षी एका सेमिस्टरच्या एक्स्चेंजसाठी माझं नाव लागलंय. फी इथलीच भरायची, तिकडे वेगळी नाही. राहणं, खाणं, प्रवास, व्हिसा मात्र ज्याचं त्याने बघायचं. सप्टेंबर की जानेवारी तेही आम्हीच कळवायचं आहे.

घरात दोन तट पडलेत. आई म्हणते, जा. बाबा म्हणतात, चार महिन्यांसाठी एवढे पैसे घालवण्यापेक्षा तेच मास्टर्सला ठेव. मला दोघांचंही पटतं, हीच पंचाईत.

महिन्याला खरोखर किती लागतात? व्हिसा कुठला घ्यायचा? आणि पार्टटाइम काम करून थोडाफार भार उचलता येतो का? व्हिडिओ बघून डोकं भणभणलंय. एक जण सहाशे पौंडात भागतं म्हणतो, दुसऱ्याला दोन हजार पुरत नाहीत.

चहाटळ

सहाशेत भागवणारा नक्की मावशीकडे राहत असणार. व्हिडिओत मावशी दिसत नाही, एवढंच.

उंबरठा

पाणपोई, अभिनंदन. मी लंडनमध्ये एका विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कक्षात काम करते, त्यामुळे दर सत्राला हेच प्रश्न माझ्या टेबलावर येतात. कुठलं विद्यापीठ ते विचारू नका.

महागाई सगळ्यांनाच आहे. पण एका सेमिस्टरच्या मुलांना लंडन वर्षभराच्या मुलांपेक्षा जास्त महाग पडतं, आणि हे कोणी आधी सांगत नाही. वसतिगृहाचे करार, प्रवासाची सवलत, कौन्सिल टॅक्सची (घरावरच्या स्थानिक कराची) माफी, बँकेचं खातं, सगळं वर्षभर राहणाऱ्याला धरून बेतलेलं आहे. तीन-चार महिन्यांसाठी आलेला माणूस ना धड पाहुणा, ना धड रहिवासी. मुलं कॉफीचे पैसे मोजत बसतात आणि खरी गळती या फटींतून होते.

आधी व्हिसा. सहा महिन्यांपर्यंतचं शिक्षण मान्यताप्राप्त संस्थेत असेल तर ते साध्या व्हिजिटर व्हिसावर करता येतं. त्याची फी एप्रिल २०२५ पासून १२७ पौंड होती, स्टुडंट व्हिसाची ५२४. या फिया जवळपास दर वर्षी वाढतात, तेव्हा अर्ज करताना सरकारी साइटवर ताजा आकडा बघ. स्वस्त म्हणून व्हिजिटर घेताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेव: त्यावर कुठलंही काम करता येत नाही, बिनपगारी इंटर्नशिपसुद्धा नाही. स्टुडंट व्हिसावर पदवीच्या विद्यार्थ्यांना सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं. पण त्याला विद्यापीठाकडून कॅस (प्रवेश पक्का असल्याचा) क्रमांक लागतो, आणि काही विद्यापीठं एका सत्रासाठी तो देतच नाहीत. हा प्रश्न आजच समन्वयकांना विचार. उत्तर आलं की तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचा निकाल तिथेच लागेल.

स्टुडंट व्हिसाला खात्यात पैसे दाखवावे लागतात, तेही सलग २८ दिवस. लंडनसाठी हा आकडा २०२५ च्या सुरुवातीला महिना १,३३४ वरून १,४८३ पौंड केला आणि नंतर पुन्हा वाढवला. बाबांना अंदाज द्यायला हा आकडा बरा आहे. सरकारी असूनही तो वास्तवाला धरून आहे!

राहायच्या जागेबद्दल वेगळं लिहिते, आत्ता मीटिंग आहे.

दोन_पेले

मी बाबांच्या बाजूने. एका सेमिस्टरमध्ये पहिला महिना रस्ते कळण्यात जातो, शेवटचा निबंध पाडण्यात. मधल्या दोन महिन्यांसाठी विमान, व्हिसा, डिपॉझिट. पौंड शंभर रुपयांच्या वर गेलाय हे विसरू नका. लंडनच्याच एलएसई किंवा यूसीएल विद्यापीठाचं एक वर्षाचं मास्टर्स केलंत तर हातात पदवी तरी पडते. सेमिस्टरची नोंद सीव्हीवर एका ओळीची.

काजवा२१

@दोन_पेले, त्या मास्टर्सची फी कोण भरणार? इथे फी शून्य आहे. तिकडची एका सत्राची आंतरराष्ट्रीय फी बघा, मग बोलू.

शिवाय परदेशात राहणं आपल्याला झेपतं का, हे चार महिन्यांत कळलेलं बरं. माझ्या वर्गातली एक मुलगी सेमिस्टर करून आली आणि मास्टर्सला बाहेर जायचंच नाही असं ठरवून मोकळी झाली. तिच्या घरच्यांचे किती वाचले हिशोब करा.

दोन_पेले

मुद्दा मान्य. फीचा विचार मी केला नव्हता. तरी खर्च कमी नाही हे म्हणणं कायम.

उंबरठा

आले. जागा.

सप्टेंबर आणि जानेवारी यांत निवड आहे हे तुझं नशीब. शरद सत्र बऱ्याच ठिकाणी सप्टेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत, म्हणजे साधारण बारा आठवडे. जानेवारीचं सत्र परीक्षा धरून मे अखेर किंवा जूनपर्यंत लांबतं, आणि मध्ये ईस्टरची मोठी सुट्टी येते. त्या सुट्टीचंही भाडं द्यायचंच असतं. म्हणजे एकूण खर्च सप्टेंबरला कमी.

खोली मिळण्याचं मात्र नेमकं उलटं आहे. सप्टेंबरमध्ये सगळं शहर खोली शोधत असतं. वसतिगृहं चाळीस ते एक्कावन्न आठवड्यांचे करार करतात, एका सत्राचे करार मोजके, तेही आधी संपतात. डिसेंबरमध्ये शरद सत्रवाले खोल्या सोडतात, वर्षभरासाठी आलेल्यांपैकीही काही जण निघतात, आणि त्यांना उरलेला करार कोणाच्या तरी गळ्यात मारायचा असतो. त्यांच्याकडून, वसतिगृहाच्या लेखी संमतीने, करार आपल्या नावावर करून घेता येतो. घासाघीस करायला वाव असतो, कारण घाई त्यांना असते.

भाडं आठवड्याचं सांगतात. सामायिक स्वयंपाकघराची वसतिगृहातली खोली आठवड्याला २०० ते ३०० पौंडांत धर. २५० म्हटलं की आपण चारने गुणून हजार म्हणतो. वर्षात आठवडे बावन्न, त्यामुळे महिन्याला पडतात १,०८३. दर महिन्याला ८३ पौंड कुठे जातात म्हणून मुलं कपाळाला हात लावून बसतात.

बाहेर खोली घेतलीस तर: इंग्लंडमध्ये २०१९ च्या कायद्याप्रमाणे भाडेकरूकडून पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट घेता येत नाही (वर्षाचं भाडं पन्नास हजार पौंडांच्या आत असेल तर, आणि तुझं असणारच). नेहमीच्या भाडेकरारात ते ३० दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत जमा करावं लागतं. मालक त्याच घरात राहत असेल तर ही जमा करण्याची सक्ती त्याच्यावर नाही. बऱ्याच ठिकाणी ब्रिटनमध्ये राहणारा जामीनदार मागतात. तो आणायचा कुठून? काही विद्यापीठं स्वतः जामीन राहतात, पण सहसा वर्षभराच्या मुलांसाठी.

आता सगळ्यात आडवी येणारी गोष्ट, कौन्सिल टॅक्स. चार पूर्णवेळ विद्यार्थी एका फ्लॅटमध्ये असले तर हा कर माफ. पण या कराच्या व्याख्येत पूर्णवेळ विद्यार्थी म्हणजे किमान एका वर्षाच्या कोर्सचा. तू एका सत्राची, म्हणजे त्या व्याख्येत बसणं अवघड. तू त्या फ्लॅटमध्ये चौथी म्हणून गेलीस की माफी गेली, पंचवीस टक्के सूट वजा करून उरलेलं बिल दारात. तीन मैत्रिणी तुझ्याकडे बघतात. मी हे भांडण टेबलापलीकडून बघितलेलं आहे, फार वाईट असतं. विद्यापीठाच्या वसतिगृहांना हा कर नसतो, म्हणून तिथे चार पौंड जास्त गेले तरी चालतील. मालक घरात राहत असेल आणि भाड्यात सगळी बिलं धरलेली असतील अशी खोलीही चालेल, फक्त तसं लेखी घे.

खोली न बघता, फक्त फोटो आणि गोड ईमेलवर, कोणालाही पैसे पाठवू नकोस. मालक परदेशात आहे, किल्ली कुरिअरने येईल, असं कोणी म्हणालं की तिथेच बोलणं संपव. पहिले काही दिवस हॉस्टेलवर काढ आणि जागा डोळ्यांनी बघ.

पाणपोई

बाप रे. ताई, कौन्सिल टॅक्सचं हे एकाही व्हिडिओत नव्हतं. खूप आभार.

कापूसकोंड्या

रोजच्या खर्चाचं मी सांगतो, मी शिकत असताना या कलेत पीएचडी केलीय.

ट्यूबचा (भुयारी रेल्वेचा) नाद कमी, बसचा जास्त. बसचं भाडं २०२५ मध्ये १.७५ पौंड होतं, आणि पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात कितीही बस बदला, पुन्हा पैसे पडत नाहीत. दिवसभरात कितीही फिरलात तरी बसचे एका मर्यादेच्या वर कापत नाहीत, २०२५ मध्ये ती ५.२५ होती. बसमध्ये रोख २०१४ पासून बंद आहे, त्यामुळे नाणी दाखवून ड्रायव्हरला साकडं घालू नका. आणि एकच कार्ड वापरा. सकाळी फोन टेकवला आणि संध्याकाळी कार्ड, तर ती दोन माणसं धरली जातात आणि मर्यादेचा फायदा जातो.

खाणं: आल्डी, लिडल. संध्याकाळी सातनंतर मोठ्या दुकानांत एक कर्मचारी हातात यंत्र घेऊन फिरतो आणि त्या दिवशी मुदत संपणाऱ्या मालावर पिवळी लेबलं चिकटवतो. त्याच्या मागे आमची चार-पाच जणांची वरात असायची, सगळे दह्याचे डबे बघितल्यासारखं करायचे. लेबल चिकटलं की हात पुढे. पाव, पनीर, पालक, मश्रूम, सगळं निम्म्याच्या खाली. फ्रीझरमध्ये सामायिक कप्पा असतो, डब्यावर नाव आणि खोली नंबर टाका, तरी आइस्क्रीम कोणीतरी खाणारच.

डाळ-तांदूळ, पिठं, मसाले वेम्बली, टूटिंग, साउथॉल किंवा ईस्ट हॅमला. महिन्यातून एकदा ट्रॉलीबॅग घेऊन जायचं. युस्टनजवळ ड्रमंड स्ट्रीट आहे, तिथली शाकाहारी हॉटेलं जिभेला चव हवी असेल तेव्हासाठी. एलएसईच्या दारात दुपारी हरे कृष्णवाल्यांचं मोफत जेवण मिळायचं. रांगेत प्राध्यापकही दिसायचे, लाजायचं कारण नाही.

चहाटळ

दह्याचे डबे बघितल्यासारखं 😂 माणसाला परदेश काय काय शिकवतो.

उंबरठा

कापूसकोंड्या यांच्या प्रवासाच्या मुद्द्याला जोड. अठरा वर्षांवरच्या विद्यार्थ्यांसाठी ऑयस्टरचं (लंडनच्या बस-ट्यूबच्या प्रवासकार्डाचं) फोटोकार्ड असतं, त्यावर आठवड्याच्या, महिन्याच्या पासवर तीस टक्के सूट. पण कोर्स किमान १४ आठवड्यांचा हवा. शरद सत्र बारा आठवड्यांचं. पुन्हा तीच फट! जानेवारीवाले सहसा बसतात. सप्टेंबरवाल्यांनी सोळा ते पंचवीस वयाचं रेलकार्ड काढून साध्या ऑयस्टरला जोडून घ्यावं, गर्दीची वेळ सोडून एक तृतीयांश सूट मिळते. शिवाय त्याच रेलकार्डावर एडिनबरा, बाथ, यॉर्क कुठेही रेल्वेने जाताना सूट.

आजारपणाचंही सांगून टाकते. सहा महिने किंवा त्याहून कमी मुदतीच्या व्हिसाला आरोग्य अधिभार भरावा लागत नाही. मुलं खूश होतात. पण अधिभार नाही म्हणजे रुग्णालयाचं कवचही नाही. जीपीकडे (तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे) नाव नोंदवणं आणि अपघात विभागातली तपासणी फुकट, पण रुग्णालयात भरती व्हावं लागलं तर बिल, तेही राष्ट्रीय दराच्या दीडपट. विमा घेतल्याशिवाय विमानात बसू नकोस. दातांचं काम इकडूनच उरकून जा.

पासबुक

मी बाप या भूमिकेतून लिहितो, मुलगा परदेशात शिकतोय.

पाणपोई, बाबांना सांग की शिक्षणासाठी स्वतःच्या पैशातून बाहेर पाठवलेल्या रकमेवर एका आर्थिक वर्षात दहा लाखांपर्यंत टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक घेते तो कर) लागत नाही. २०२५ पर्यंत ही मर्यादा सात लाख होती. एका सेमिस्टरचा खर्च बहुधा त्यात बसेल. पाठवताना बँकेत शिक्षणाचा उद्देश नीट नोंदवून घ्या, नाहीतर नंतर कागदं घेऊन खेटे.

साधं क्रेडिट कार्ड तिकडे घासत बसू नकोस. बहुतेक कार्डांवर परकीय चलनाचे तीन-साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी. फॉरेक्स कार्ड घे आणि जमलं तर तिकडे ॲपवरचं खातं उघड. मोठ्या बँका पत्त्याचा पुरावा मागतात, विद्यापीठाचं पत्र मागतात, भेटीची वेळ देतात दोन आठवड्यांनंतरची. तोवर सेमिस्टरचा पाव हिस्सा गेलेला असतो. व्हिजिटर व्हिसा असेल तर खात्याच्या मागे न लागलेलंच बरं.

पाणपोई

काका, धन्यवाद, बाबांना हा प्रतिसाद वाचून दाखवला. दहा लाखांचं ऐकून ते आधी दचकले, मग म्हणाले, मर्यादा आहे, खर्च नाही ना तेवढा?

उंबरठा

नाही, बाबांना धीर दे. खोली १,०८३, खाणं दोनशे, प्रवास ऐंशी-नव्वद, फोन दहा-बारा, वरखर्च शंभर-सव्वाशे. दीड हजाराच्या आसपास. आल्यावर पहिल्या आठवड्यात उशी, पांघरूण, कढई, प्लग, जाकीट यात एकदम दीडशे-दोनशे जातात, ते वेगळे ठेव. जानेवारीत गेलीस तर आधीची मुलं हे सामान वसतिगृहाच्या तळमजल्यावर ठेवून जातात, आधी तिथे बघ.

काम: कॅस मिळून स्टुडंट व्हिसा मिळाला तरी पगारावर गणित बांधू नकोस. अठरा ते वीस वयाला किमान वेतनही मोठ्यांपेक्षा कमी आहे, आणि अर्ज, मुलाखत, कागदपत्रं होऊन पहिला पगार येईपर्यंत अर्धं सत्र सरतं. मालकालाही डिसेंबरात जाणारी मुलगी नको असते. विद्यापीठातली ओपन डेला वाट दाखवायची कामं मिळाली तर घे, तेवढं पुरे.

ग्रंथपाल_नव्हे

पैशांचं सगळं झालं, अभ्यासाचं कोणी बोलेना. मी हे एक्स्चेंज केलंय, म्हणून सांगतो.

तिकडे उत्तीर्ण व्हायला चाळीस लागतात आणि सत्तरच्या वर म्हणजे प्रथम वर्ग, म्हणजे उत्तम. अडुसष्ट मिळाले की तिथला प्राध्यापक पाठ थोपटतो. तेच अडुसष्ट इथल्या गुणपत्रिकेत जसेच्या तसे चढवले की तुझी सरासरी धाडकन खाली येते. गुणांचं रूपांतर कुठल्या तक्त्याने होणार, हे जाण्याआधी परीक्षा विभागाकडून लेखी घे. तोंडी 'होईल काहीतरी' यावर जाऊ नकोस. माझ्या बॅचला हे प्रकरण मिटेपर्यंत प्लेसमेंट संपत आली होती.

क्रेडिटही बघ. तिकडे पूर्ण सत्र म्हणजे ६० क्रेडिट, बहुतेकदा पंधरा-पंधराचे चार विषय. इथल्या कुठल्या पेपरला कुठला विषय जुळतो त्यावर सही घे, आणि एक-दोन पर्यायी विषय मंजूर करून ठेव, कारण तिथे वेळापत्रक बदलतं.

आणि शरद सत्राची परीक्षा कुठे जानेवारीत, कुठे थेट मे महिन्यात असते. डिसेंबरात परतणाऱ्यांना त्याऐवजी निबंध देतात का, हे विषयवार विचार. एका विषयाला देतात, दुसऱ्याला नाही, असंही होतं.

उंबरठा

+१. गुणांचं तर शंभर टक्के. आम्ही आमच्याकडून गुणपत्रिकेसोबत श्रेणींचा अर्थ सांगणारं पत्र देतो, पण मागितलं तरच. माग.

जुनी_छत्री

तीस वर्षं लंडनमध्ये आहे, दोन शब्द म्हाताऱ्याचे.

मुली, एवढ्या महाग शहरात उत्तमातल्या कितीतरी गोष्टी फुकट आहेत, आणि त्या तुला राहत्या माणसासारख्या बघता येतील. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, टेट मॉडर्न, व्ही अँड ए, कायमच्या दालनांना तिकीट नाही. पर्यटक एका दिवसात सगळं म्युझियम उरकतो आणि पाय धरून बसतो. तू तासाभरासाठी जा, एक दालन बघ, बाहेर ये. ब्रिटिश लायब्ररीचा वाचकपास फुकट आहे. हिवाळ्यात तिथे बसून वाचलं की खोलीतल्या हीटरची आठवणही येत नाही. उन्हाळ्याकडे शेक्सपिअर्स ग्लोबमध्ये उभं राहून नाटक बघायची तिकिटं पाच पौंडांपासून असतात. पाय दुखतात, पण नट हाताच्या अंतरावर.

अर्थशास्त्राची आहेस म्हणून सांगतो. चॉक फार्म स्टेशनपासून चालत जा, १० किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तिथे राहून एलएसईत शिकत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेतलं, आता तिथे स्मारक आहे. जाण्याआधी उघडण्याच्या वेळा बघून घे. आसपासच्या घरांच्या आजच्या किमती मात्र विचारू नकोस, जेवण जाणार नाही.

महाराष्ट्र मंडळ लंडन १९३२ पासूनचं आहे, डॉलिस हिलला त्याची स्वतःची वास्तू आहे. कार्यक्रमांना जा. खोलीच्या ओळखी जाहिरातींपेक्षा तिथे खात्रीच्या मिळतात.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो. सप्टेंबर निवडलास तर मुक्कामाचा उतरता भाग त्या काळोखात. काही मुलांना हे फार जड जातं. जानेवारीवाल्यांचं उलट, दिवस वाढत जातात.

काजवा२१

काका, हे शेवटचं कोणत्याच तक्त्यात बसत नव्हतं, आणि मला वाटतं निवड यावरच व्हावी.

दोन_पेले

मी मत बदलतोय असं नाही, पण जायचंच असेल तर जानेवारी.

पाणपोई

सगळ्यांचे मनापासून आभार. समन्वयकांना मेल केला होता, आज उत्तर आलं. तिकडचं विद्यापीठ एका सत्रासाठी कॅस देत नाही, सगळे व्हिजिटर व्हिसावर येतात. म्हणजे कामाचा प्रश्न निकालात. बाबांनी वही काढून जानेवारी ते जूनचं गणित मांडलंय, दीड हजारांनी गुणून. बेरीज बघून गप्प झाले, पण 'नको' म्हणाले नाहीत. आता म्हणतात, रूपांतराचा तक्ता लेखी आण, मग बोलू. उद्या परीक्षा विभागात जातेय.

ताई, एक शंका. सत्र जूनच्या दुसऱ्या आठवड्यात संपतंय आणि व्हिजिटर व्हिसा सहा महिन्यांचा. जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात गेले तर चालेल का?

उंबरठा

चालेल, पण काठावर. सहा महिने धरून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत वेळ राहील. व्हिसा कधीपासून सुरू होतो ती तारीख अर्जात नीट भर. ती डिसेंबरची पडली तर मुदत तिथून मोजतात, तू कधी उतरलीस त्यावरून नाही. परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असं घे. आणि एखाद्या विषयाची फेरपरीक्षा ऑगस्टमध्ये असेल तर ती ऑनलाइन देता येते का, तेही त्याच मेलमध्ये विचारून टाक.

चहाटळ

परीक्षा विभागात जातेयस तर डबा घेऊन जा. लंडनचा व्हिसा त्याआधी मिळेल.